कुत्र्याच्या आजाराचे निदान होत नसेल तेव्हा: काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

घरातला कुत्रा आठवडाभर मलूल असतो. एक दिवस खातो, दोन दिवस भांड्याकडे बघत नाही, मधूनच ताप चढतो, मधूनच ओकतो, आणि कोणत्याही डॉक्टरांना आजाराचे नाव ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी सोलापुरातल्या बहुतेक घरांत तेच घडते. पहिल्या दवाखान्यात सलाईन आणि दोन-तीन इंजेक्शने होतात, फरक पडला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरा दवाखाना गाठला जातो, तिथे आधीची चिठ्ठी सापडत नाही म्हणून पुन्हा नवी इंजेक्शने दिली जातात, आणि रक्त तपासण्याचा विचार या सगळ्यानंतर येतो. तोपर्यंत प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांनी रक्तातल्या खुणा पुसट केलेल्या असतात. निदान अडते ते पुष्कळदा आजार दुर्मीळ असल्यामुळे नव्हे, तर क्रम उलटा झाल्यामुळे.

रोगाचे नाव शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे. मालकाने करायचे ते वेगळे आणि तितकेच महत्त्वाचे आहे: लक्षणांचा पुरावा जपणे, तो एकाच ठिकाणी ठेवणे आणि औषध पोटात जाण्यापूर्वी नमुने घेतले जातील याची काळजी घेणे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## टप्पा १: तातडीचे आहे का, हे आधी ठरवा

सावकाश चौकशीला वेळ आहे, तो फक्त स्थिर असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर नोंदी बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठावा.

- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसणे. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत तिचा रंग परत येतो. ज्यांच्या कुत्र्याच्या हिरड्या मुळातच काळ्या आहेत, त्यांनी खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग पाहावा.
- पोट टम्म फुगणे आणि ओकण्याचा प्रयत्न करूनही काहीच बाहेर न येणे. जठराला पीळ पडल्याची ही खूण असू शकते आणि तिथे काही तासांवर जीव अवलंबून असतो.
- झटका पाच मिनिटांहून अधिक चालणे, किंवा चोवीस तासांत एकाहून अधिक झटके येणे.
- लघवीसाठी वारंवार बसूनही लघवी न होणे.
- रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा नाकातून रक्त येणे.
- गर्भाशय न काढलेल्या मादीला माजानंतर एक-दोन महिन्यांत खूप तहान लागणे, उलट्या होणे किंवा योनीमार्गातून स्राव येणे. स्राव दिसत नसला तरी गर्भाशयात पू साठलेला असू शकतो.
- ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे किंवा शरीराचे तापमान ९९ च्या खाली उतरणे.

सावधान: जबडा लुळा पडणे, सतत लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे किंवा स्वभाव अचानक पालटणे अशी लक्षणे असतील, तर घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये. रेबीजची सुरुवात अशीही होते. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन, त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन लसीबद्दल विचारावे. कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर विसंबून हे टाळू नये.

## टप्पा २: नोंदवही सुरू करा

दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रा घाबरलेला असतो. त्याचे ठोके वाढलेले, श्वास जलद, आणि घरी दिसणारा लंगडेपणा तिथे हमखास नाहीसा झालेला. त्यामुळे घरच्या नोंदी हीच डॉक्टरांना मिळणारी सर्वांत भरवशाची माहिती असते. साध्या वहीत दररोज पाच गोष्टी लिहाव्यात.

ताप. साधा डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा. टोकाला खोबरेल तेल लावून तो गुदद्वारात सुमारे दोन सेंटिमीटर आत धरावा. नाक गरम किंवा कोरडे असणे ही तापाची खूण नव्हे. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्याला ९८.६ ची सवय असल्यामुळे १०१.५ दिसताच ताप आहे असे समजून माणसांची गोळी दिली जाते. ही चूक फार घरांत होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो. त्या दिवसांत दुपारी धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तापमान आजार नसतानाही चढलेले असू शकते, म्हणून पहाटे आणि रात्री, कुत्रा अर्धा तास शांत पडून असताना मोजावे.

श्वास. गाढ झोपेत असताना छातीची हालचाल तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. निरोगी कुत्रा झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास घेतो. सतत त्याहून अधिक येत असेल, तर हृदय किंवा फुप्फुसांकडे लक्ष द्यावे लागते.

पाणी. सकाळी मोजून भरावे, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पुरते. दहा किलोचा कुत्रा रोज सातत्याने एक लिटरहून अधिक पीत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मूत्रपिंड, मधुमेह, गर्भाशय आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचे अनेक आजार तिथूनच उघड होतात. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते, त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा आधीच्या दिवसांशी तुलना महत्त्वाची.

खाणे, शी आणि लघवी. काय खाल्ले, किती खाल्ले, शी कशी झाली, लघवीचा रंग कसा होता. चहासारखी किंवा लालसर लघवी दिसली, तर त्याच दिवशी कळवावे.

वजन. आठवड्यातून एकदा. मालकाने कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी ओळखीच्या भुसार दुकानातला मोठा काटा चालतो.

नोंद मोजकी असावी, तिच्यात अंदाज नसावा. उदाहरणार्थ: «सकाळी ६.१५, ताप १०३.८. रात्रीचा भात तसाच. ७.०५ ला पिवळ्या फेसाची उलटी, पोट आत ओढून. मागचा डावा पाय जमिनीवर टेकवताना कुरकुर. संध्याकाळी ताप १०२, थोडे चिकन खाल्ले, पाय ठीक.» अशा चार-पाच नोंदी एकाखाली एक आल्या, की ताप एक दिवसाआड येतो किंवा वेदना एका पायावरून दुसऱ्यावर सरकते, असे काहीतरी दिसू लागते. सरकणाऱ्या वेदनेसोबत ताप असेल, तर शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटल्याचा संशय घेतला जातो. ही माहिती एका भेटीत तपासून मिळत नाही.

### दोन गोष्टींचा व्हिडिओ काढाच

पहिली, ओकणे. पोटाचे स्नायू जोराने आत ओढले जाऊन अन्न बाहेर येणे ही उलटी. मान खाली घालताच, कसलाही जोर न लावता न पचलेले अन्न घसरून बाहेर येणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात जठर, आतडी, यकृत, मूत्रपिंड यांचा विचार होतो, दुसऱ्यात अन्ननलिकेचा. «ओकतो» या एका शब्दाने डॉक्टर चुकीच्या अवयवाकडे वळू शकतात आणि तपासण्यांचे पैसे वाया जातात.

दुसरी, कोसळणे. झटक्यात पाय सायकल मारल्यासारखे हलतात, लघवी सुटते आणि नंतर बराच वेळ कुत्रा भांबावलेला राहतो. हृदयामुळे येणारी मूर्च्छा बहुधा धावताना किंवा आनंदाने उसळताना येते, अंग सैल पडते, आणि काही क्षणांत कुत्रा काही झालेच नाही असा उठून उभा राहतो. व्हिडिओत हिरड्यांचा रंग टिपता आला तर उत्तमच.

तपासून पाहा: वहीतली गेल्या पाच दिवसांची पाने त्रयस्थाने वाचली, तर त्याला काही न विचारता घटनाक्रम समजतो का? समजत नसेल, तर वेळ आणि आकडे यांची भर घालावी.

## टप्पा ३: घराची आणि परिसराची झडती घ्या

अनाकलनीय वाटणाऱ्या आजाराचे मूळ अनेकदा घराच्या चार भिंतींत असते. सोलापूरच्या घरांपुरते बोलायचे, तर पुढील गोष्टी मुद्दाम तपासाव्यात.

पूर्व भागातील यंत्रमागाच्या वस्तीत सूत, चादरीची आणि टॉवेलची कातरणे, दशा सगळीकडे पडलेल्या असतात. पिल्ले ती गिळतात. दोऱ्याचे एक टोक बहुधा जठराच्या बाहेरच्या तोंडाशी अडकते, उरलेला दोरा आतड्यात पुढे जात राहतो आणि आतडे त्यावर चुण्या पडून गोळा होते. कुत्रा थोडेथोडे खातो, मध्येच ओकतो, थोडी शीही होते, त्यामुळे पोट बिघडले असेल या समजुतीत दिवस निघून जातात. साध्या एक्स-रेत सूत दिसत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना घरी माग आहे किंवा शेजारी कारखाना आहे, हे सांगितले तर ते नेमके तेच शोधतात.

सावधान: गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. आत ताणलेला दोरा आतडे कापू शकतो. बाहेर आलेले टोक तसेच ठेवून दवाखान्यात जावे.

घरी विड्या वळल्या जात असतील, तर सुपातली तंबाखू आणि जमिनीवर सांडलेला चुरा कुत्र्याच्या पोटात जाऊ शकतो. निकोटिनने लाळ सुटते, उलट्या होतात, अंग थरथरते आणि जास्त मात्रेत जीवही जातो. बेदाणा आणि द्राक्षे आपल्या जिल्ह्यातल्या घरांत सहज असतात. कुत्र्याला ती मूत्रपिंड निकामी करण्याइतकी विषारी ठरू शकतात, आणि किती खाल्ल्याने अपाय होईल याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. कांदा आणि लसूण, मग ते रश्श्यात शिजलेले असोत की शेंगदाण्याच्या चटणीत कुटलेले, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. रोज कालवणात भाकरी कुस्करून घालणाऱ्या घरांत हळूहळू वाढणाऱ्या पंडुरोगाचे हेही एक कारण असते. उंदरांचे औषध, शेतातली कीटकनाशके आणि साखरमुक्त च्युइंगममधले झायलिटॉल ही यादीत आणखी नावे.

यानंतर गोचीड. कुत्र्याच्या अंगावर आज एकही दिसत नाही, म्हणून हा विषय संपत नाही. तपकिरी गोचीड घरातच वाढते, भिंतींच्या फटीत, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला, जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यांत अंडी घालते. चावा आणि आजार यांत आठवड्यांचेच नव्हे, तर काही वेळा महिन्यांचे किंवा वर्षांचेही अंतर असू शकते. गेल्या दोन वर्षांत कधी गोचिड झाले होते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर रॉकेल किंवा तेल ओतू नये.

पावसाळ्यात डबक्यातले पाणी पिण्याची किंवा उंदीर पकडण्याची सवय असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचा) विचार व्हावा लागतो. तो माणसांनाही होतो, म्हणून निदान होईपर्यंत लघवी हातमोजे घालून पुसावी.

## टप्पा ४: दवाखान्यात जाण्याची तयारी

एक डॉक्टर निवडावेत आणि निदान दोन आठवडे त्यांच्याकडेच राहावे. दुसरे मत घेण्यात गैर काही नाही; पण ते पहिल्यांच्या कागदांसह घ्यावे, त्यांच्यापासून लपवून नव्हे.

सोबत न्यायच्या गोष्टी: एका पानावर लिहिलेला घटनाक्रम, आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचे पाकीट किंवा बाटली, लसीकरणाचे कार्ड, मोबाइलमध्ये वेगळे काढून ठेवलेले व्हिडिओ, आणि नमुने. शी ताजी, स्वच्छ डबीत. लघवी सकाळची पहिली, मधल्या धारेची. उथळ स्टीलची वाटी किंवा लांब दांड्याचा डाव मागून सरकवला, की कुत्रा बिचकत नाही. हे नमुने बर्फाच्या पिशवीसोबत न्यावेत. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली डबी तपासणीच्या कामाची राहत नाही.

मोठ्या कुत्र्याचे रक्त तपासणीसाठी काढण्यापूर्वी त्याला आठ ते दहा तास उपाशी ठेवावे, पाणी मात्र चालू ठेवावे. लहान पिल्लू, मधुमेही किंवा फार अशक्त कुत्रा यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये.

### रक्त आधी, इंजेक्शन नंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. तपासणी टेबलावर कुत्रा चढवताच नम्रपणे विचारावे: «डॉक्टर, इंजेक्शन देण्यापूर्वी रक्त काढून ठेवता येईल का? कोणत्या तपासण्या करायच्या ते आपण नंतर ठरवू.» बहुतेक डॉक्टर आनंदाने हो म्हणतात. अनेकदा मालकाला खर्च नको असेल, या समजुतीनेच ते रक्ताचा विषय काढत नाहीत. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) एक नळी, साधी एक नळी आणि काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब एवढे आधी घेतले, की पुढच्या जवळपास सगळ्या वाटा खुल्या राहतात. तातडीच्या अवस्थेत उपचार थांबवायचे नसतात, हे खरेच. पण सलाईनसाठी सुई लावतानाच त्याच सुईतून रक्त घेता येते.

हा आग्रह कशासाठी, ते समजून घेतलेले बरे. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झाल्यावर रक्तातल्या एर्लिकियाचे (गोचिडांमुळे होणाऱ्या एका आजाराच्या जंतूचे) प्रमाण झपाट्याने घटते आणि पीसीआर चाचणी आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. स्टेरॉइड दिल्यावर लिम्फोमाच्या (लिम्फच्या कर्करोगाच्या) गाठी काही काळ आकसतात आणि सुईने काढलेल्या नमुन्यात कर्करोग ओळखणे कठीण होते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या चाचणीत मिसळून आकडा फसवा दाखवते. इंजेक्शनने दोन दिवस कुत्रा टवटवीत दिसतो, घरात आनंद होतो, आणि पुढचा महिनाभर तपासण्या खोटे बोलत राहतात.

## टप्पा ५: तपासण्यांचा क्रम

प्रत्येक तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारावे: या तपासणीचे उत्तर हो आले तर काय करणार, नाही आले तर काय करणार? दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ती तपासणी तूर्त मागे ठेवता येते. ज्यांचा खर्चाचा आवाका मर्यादित आहे, त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

१. हातांनी केलेली पूर्ण तपासणी. लिम्फच्या गाठी, प्रत्येक सांधा, तोंड, डोळ्यांचा आतला पडदा, गुदद्वाराची तपासणी. घाईच्या दवाखान्यात यातले निम्मे राहून जाते. दवाखान्यात गर्दी नसण्याची वेळ फोनवर विचारून ठरवावी.

२. मूलभूत चाचण्या एकत्र. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, सोडियम-पोटॅशियम आणि लघवी. तुकड्यातुकड्यांत केलेल्या चाचण्यांचा एकमेकींशी मेळ लागत नाही.

३. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांच्या चाचण्या. «टिक फीवर» हे एका आजाराचे नाव नव्हे. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बबेसिया आणि हेपॅटोझून हे वेगवेगळे जंतू आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. डॉक्सीसायक्लिन एर्लिकियावर चालते, बबेसिया गिब्सोनीवर एकटे पुरत नाही. हेपॅटोझून तर गोचीड चावल्याने नव्हे, ती कुत्र्याने चाटून गिळल्याने होतो. काचपट्टीत जंतू दिसला नाही, म्हणजे आजार नाही असे ठरत नाही. बबेसियाच्या शोधासाठी कानाच्या पाळीच्या टोकाचे रक्त घेतल्यास सापडण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात दहा मिनिटांत होणारी किट चाचणी बहुधा प्रतिपिंडे मोजते. ती सकारात्मक आली, तर कधीतरी संसर्ग झाला होता एवढेच कळते.

४. एक्स-रे आणि सोनोग्राफी. छाती आणि पोट दोन्हींची. छातीचा एक्स-रे खोकला नसतानाही उपयोगी पडतो.

५. संप्रेरकांच्या चाचण्या. यात एका आजाराकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण तो वर्षानुवर्षे निसटत राहतो. अ‍ॅडिसन या आजारात मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी काम करेनाशा होतात. लक्षणे येतात आणि जातात: मरगळ, उलट्या, जुलाब, थरथर. प्रवास, फटाके, घरातली पाहुण्यांची वर्दळ अशा ताणानंतर ती उफाळतात. सलाईन लावताच कुत्रा उठून शेपूट हलवतो, कारण त्याला हवे असलेले सोडियम आणि पाणी मिळालेले असते, आणि काही दिवसांनी पुन्हा आडवा पडतो. «दर वेळी सलाईनने बरा होतो» हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तिथे या चाचणीची आठवण डॉक्टरांना जरूर करून द्यावी. रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ही त्याची नेहमीची खूण, पण स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नेमक्या याच दोन चाचण्या वगळलेल्या असतात. काही कुत्र्यांत त्या सामान्यही येतात. या ग्रंथींचे संप्रेरक कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आले, तर हा आजार जवळपास बाद होतो. कमी आले, तर एसीटीएच उद्दीपन चाचणी (ग्रंथींना चालना देऊन कॉर्टिसॉल पुन्हा मोजणे) करावी लागते.

६. सुईने घेतलेले नमुने, सांध्यातील द्रव, एंडोस्कोपी, बायोप्सी. इथपर्यंत क्वचितच यावे लागते आणि त्या वेळी बहुधा मोठ्या ठिकाणी जाणे श्रेयस्कर.

तपासून पाहा: पोटॅशियम, लघवी आणि काचपट्टी या तिन्हींचे अहवाल फाइलमध्ये आहेत का? «सगळ्या तपासण्या केल्या» असे सांगणाऱ्या अनेकांच्या फाइलमध्ये यातले निदान एक नसते.

## टप्पा ६: अहवाल वाचताना

सोलापूरसारख्या शहरात कुत्र्याचे रक्त पुष्कळदा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाते. अहवालावर छापलेली मर्यादा माणसांची असते. माणसात पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर गेल्या की त्या जास्त मानल्या जातात. कुत्र्यात साधारण ६,००० ते १७,००० ही सामान्य मर्यादा आहे. म्हणजे १४,००० चा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो, घरचे धास्तावतात, आणि कुत्र्याला त्या बाबतीत काहीही झालेले नसते.

प्लेटलेटच्या बाबतीत उलटी फसगत होते. कुत्र्याच्या प्लेटलेट नळीत सहज एकमेकींना चिकटतात, त्यामुळे माणसांसाठी बसवलेले यंत्र त्या कमी मोजू शकते. सामान्य संख्या दोन ते पाच लाखांच्या आसपास असते. अहवालात ४०,००० दिसले, तर घाबरून जाण्यापूर्वी काचपट्टीवर डोळ्यांनी मोजणी करून घ्यावी. ती खरोखर कमी निघाली, तर मात्र पोटाच्या आणि मांडीच्या आतल्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का ते रोज पाहावे आणि कुत्र्याला धडपडू देऊ नये.

जातीचाही प्रश्न येतो. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत तांबड्या पेशींचे प्रमाण इतरांहून जास्त आणि प्लेटलेट कमी असणे हेच सामान्य असते. कारवानी किंवा पश्मी या त्याच बांध्याच्या आपल्याकडच्या जाती पाळणाऱ्यांनी लॅबच्या कागदावर जात लिहायला विसरू नये.

## टप्पा ७: निदानाविना उपचार करायची वेळ आली तर

काही वेळा उत्तर मिळत नाही आणि वाट पाहणेही शक्य नसते. अशा वेळी डॉक्टर सर्वाधिक संशयित आजाराचे औषध देऊन पाहतात. हा मार्ग योग्य आहे, अट एवढीच की सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी वहीत लिहिलेल्या असाव्यात: औषध किती दिवस, सुधारणा कशाला म्हणायचे, आणि ती केव्हापर्यंत दिसली नाही तर विचार बदलायचा. एर्लिकियाचे उदाहरण घ्या. डॉक्सीसायक्लिन लागू पडणार असेल, तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप आणि भूक यांत फरक दिसू लागतो. पण पूर्ण मात्रा २८ दिवसांची असते. कुत्रा चौथ्या दिवशी जेवायला लागला म्हणून गोळ्या कपाटात टाकणे, हे आजार परतण्याचे मोठे कारण आहे. ही गोळी अन्नासोबत द्यावी आणि वर पाणी पाजावे, कारण अन्ननलिकेत अडकल्यास तिथे जखम होते.

एका वेळी एकच बदल करावा. नवे औषध, नवे खाणे आणि नवे टॉनिक एकाच दिवशी सुरू केले, तर कशाने बरे वाटले किंवा कशाने बिघडले, हे कोणालाच सांगता येणार नाही. जुनाट जुलाबासाठी अन्न बदलून पाहायचे असेल, तर पूर्वी कधीही न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर ठेवून दोन आठवडे थांबावे. कातडीच्या खाजेसाठी आठ आठवडे लागतात. या काळात शेजाऱ्यांनी दिलेले एक बिस्कीटही प्रयोग मोडते. घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना हे आधीच समजावून सांगावे, कारण प्रयोग फसतो तो बहुधा प्रेमापोटी.

सावधान: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीही स्वतःहून देऊ नये. स्टेरॉइड चालू असतील, तर ते एकाएकी बंद करू नयेत. औषध दुकानातून किंवा गुरांच्या मात्रेचे आयव्हरमेक्टिन आणून टोचू नये. कोली आणि तत्सम जातींत ते मेंदूवर परिणाम करते. झटके येणाऱ्या कुत्र्याला गोचिडांची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना झटक्यांची कल्पना द्यावी.

## टप्पा ८: बाहेरगावी केव्हा आणि कुठे

मूलभूत चाचण्या पूर्ण झाल्या, एक विचारपूर्वक केलेला उपचार फसला, किंवा वजन सतत घटत असेल, तर पुढे न्यावे. आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कामात असतात, त्यामुळे कुत्र्यांसाठीची एंडोस्कोपी किंवा हृदयाची सोनोग्राफी तिथे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये साताऱ्यातील शिरवळ, लातूरमधील उदगीर, परभणी आणि मुंबईतील परळ येथे आहेत आणि तिथे शिकवणारे तज्ज्ञ कुत्रीही तपासतात. पुण्यातली खासगी रुग्णालये सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहेत. निघण्यापूर्वी फोन करून हवी ती सोय आहे का, तज्ज्ञ कोणत्या वारी असतात, हे विचारून घ्यावे.

उन्हाळ्यात प्रवास रात्री किंवा पहाटे करावा. रेल्वेच्या सामानाच्या डब्यातील पेटीत आजारी कुत्र्याला बसवू नये. सोबत मूळ अहवाल, एक्स-रेच्या फिल्म किंवा त्यांच्या फाइल, आणि पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी असावी. नव्या ठिकाणी त्याच चाचण्या पुन्हा सांगितल्या, तर आधीच्यांची तारीख दाखवून कारण विचारावे. कधी कारण योग्य असते, कारण बदलत जाणारा आकडा एकट्या आकड्यापेक्षा अधिक सांगतो.

## टप्पा ९: उत्तराची वाट पाहताना घरचा सांभाळ

छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी तीनला चटका बसण्याइतके तापलेले असते, आणि पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे साठवणीला पर्याय नसतो. पिण्याचे आणि अंग पुसण्याचे पाणी सावलीतल्या माठात किंवा बादलीत वेगळे ठेवावे. ताप चढला, तर पोट, जांघ आणि पंजे साध्या पाण्याने ओले करून पंखा लावावा. बर्फाच्या पाण्याने अंघोळ घालू नये.

न खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात अन्न कोंबल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय त्या अन्नाचा त्याला कायमचा तिटकाराही बसतो. अन्न कोमट करून, थोडेथोडे, रुंद ताटलीत द्यावे. मोठा कुत्रा पूर्ण दिवस आणि पिल्लू काही तास काहीच घेत नसेल, तर डॉक्टरांना कळवावे. घरगुती काढे, हळद-दूध यांत वेळ घालवू नये.

रोज संध्याकाळी वहीत एक ओळ त्याच्या दिवसाबद्दलही लिहावी: दाराशी आला का, आपली हाक ऐकून मान वर केली का, वेदनेने रात्र जागवली का. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हा प्रश्न काही घरांत येतो. त्या वेळी कालच्या आठवणीपेक्षा महिनाभराच्या या ओळी अधिक प्रामाणिकपणे सांगतात. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त झाले असतील, तर वेदनारहित मृत्यूबद्दल डॉक्टरांशी उघडपणे बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

निदान न होताच कुत्रा गेला, तर शवविच्छेदनाने कारण कळू शकते. त्यासाठी पहिल्या काही तासांतच निर्णय घ्यावा लागतो, मृतदेह बर्फाने थंड ठेवावा, पण गोठवू नये, आणि डॉक्टरांमार्फत जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी. मृत्यूपूर्वी त्याने कोणाला चावले असेल किंवा टप्पा १ मध्ये सांगितलेली रेबीजची लक्षणे असतील, तर मृतदेहाला उघड्या हातांनी स्पर्श न करता डॉक्टरांना आणि सरकारी रुग्णालयाला लगेच कळवावे, आणि चावलेल्या माणसाची लस अहवालासाठी थांबवू नये. घरात दुसरा कुत्रा असेल, तर त्याच आठवड्यात त्याचेही रक्त तपासून घ्यावे, आणि भिंतींच्या फटी, चौकटी व बिछान्याची जागा गोचिडांसाठी पुन्हा एकदा साफ करून घ्यावी.